तेरा विड्यांचं अंडं

अंडी उकळत्या पाण्यात सोडली
आणि नेमका मोबाइल बंद पडला.
सकाळपासून लाइट नाही घरकुलात.
साडेसहा मिनिटं, मी म्हटलं, एक सेकंद जास्त नको,
बलक मधासारखा राहिला पाहिजे.
आई सुपावरची मान न उचलता म्हणाली,
तेरा विड्या.
आणि वळायला लागली.

पान, जर्दा, वेढा, दोरा, टोक आत.
मी झारा धरून तिच्या बोटांकडे बघत.
अकराव्या विडीला पान फाटलं,
तिनं बाजूला टाकलं, मोजलं नाही.
अंड्यांनी मोजलं असणार.

कारखान्यात एकदा जपानची ऑर्डर होती,
बाराशे टॉवेल, पांढरे.
खोक्यांवर मीच लेबलं लावली, उलटी की सुलटी देव जाणे.
त्या लोकांचं म्हणे असं एक अंडं असतं,
काळ्या पाण्यात मुरवलेलं,
शेवयांवर अर्धं कापून ठेवतात.
तेवढंच डोक्यात राहिलं.

बर्फ रसवंतीवाल्या मल्लूकडून,
गोणपाटातून आणेपर्यंत निम्मा रस्त्याला पाजलेला.
सोया सॉस चायनीजच्या गाड्यावरून, पाण्याच्या बाटलीत.
मिरिन नावाचं काहीतरी लागतं.
ते सोलापुरात कुणाला मागू?
साखर घातली, आल्याचे काप, व्हिनेगर एक झाकण.
सहातली दोन सोलताना सालाबरोबर गेली.
उरलेली चार डब्यात तरंगत राहिली, टकलं वर काढून,
एप्रिलमध्ये विहिरीत उतरलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

तेव्हा नायना उठले.
चौतीस वर्षं डाय हाऊसला.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे, साबणाला न जुमानणारं.
डाय हाऊसला कुलूप लागल्यापासून
कुठल्याच भांड्यात डोकावले नव्हते.
डब्याचा वास घेतला. करंगळी बुडवून जिभेला लावली.
"मीठ आहे. बरं केलंस.
मिठाशिवाय रंग पाण्यातच हिंडत बसतो,
सुतात शिरायला त्याला कुणी ढकलावं लागतं."
मग टकलांकडे बघून,
"आणि हे काय? लड वर आली की डाग राहतो.
माल परत येतो, बिड्डा."
जुन्या पंच्याची पट्टी फाडली,
त्याच पाण्यात भिजवून अंड्यांवर पसरली,
वर बशी, बशीवर अडकित्ता.
लाइट आल्यावर डबा स्वतः फ्रिजात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोमवार.
सोमवारी नायना अंडं खात नाहीत.
"खायचं कुठंय? शेड बघायचीय."
मी सुरी काढली, ती त्यांनी मागे सारली.
ट्रंकेतून सूत काढलं, वीस नंबरी, कोरं.
एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.
ओढलं.
अंडं दोन झालं, आवाज न करता.

अर्धं घेऊन ते खिडकीशी गेले.
शेड उन्हातच बघायची, ट्यूबलाइट खोटं बोलते.
कडेला गुळाच्या चहाचा रंग,
मग फिकट होत होत पांढरं,
मध्ये केशरी,
धड वाहत नव्हतं, धड थांबलंही नव्हतं.
बराच वेळ उभे होते.
"वरून पक्का, आत कच्चा. एक रात्र अजून."
मी म्हटलं, जास्त ठेवलं तर खारट होतं, रबर होतं.
"मग कुठं थांबायचं ते वहीत लिहून ठेव.
मी नाही लिहिलं कधी.
सगळं बोटांत होतं."
त्यांचं अर्धं त्यांनी परत डब्यात ठेवलं.
माझं मी तिथंच खाल्लं, काही बोलले नाही.

रात्री बारा वाजून गेल्यावर
फ्रिजचं दार वाजलं.
मंगळवार लागला होता.
मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज,
तो काही लपत नाही.
मग शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण.
आईनं अंधारात, कूस न बदलता विचारलं,
कसंय?

चावणं चालू राहिलं.
"तेरा जास्त झाल्या," नायना म्हणाले.
"बारा कर."